व्हीएमए नीट बघायचाय? मग आधी व्हिडिओ बघा, शो नंतर

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास अमेरिकेत एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स होतात, सगळे त्याला व्हीएमए म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या फोनवर काय येतं तर कुणी कसला ड्रेस घातला, कोण रडलं, कोण कुणाकडे बघून हसलं नाही, बस. ज्या व्हिडिओंसाठी हा सगळा घाट घातलाय त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण गाण्याचा व्हिडिओ ही प्रचंड मेहनतीची गोष्ट आहे, चार मिनिटांसाठी दिग्दर्शक, कॅमेरामन, एडिटर, डान्स बसवणारे, सेट लावणारे सगळे राबतात, आणि या माणसांच्या कामाला टीव्हीवरच्या एवढ्या मोठ्या सोहळ्यात जागा मिळणं ही दुर्मिळच गोष्ट आहे. म्हणून हा गाईड. हा शो असा कसा बघायचा की बघून झाल्यावर आपल्याला व्हिडिओ बघायची नजर आली असेल, ते सांगतो.

थोडं मागचं आधी. एमटीव्ही हा गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारा अमेरिकन चॅनल सुरू झाला १ ऑगस्ट १९८१ ला, सुरुवातीलाच चंद्रावर उतरलेल्या माणसाचं फुटेज लावून, म्हणून यांची ट्रॉफीपण झेंडा घेतलेल्या अंतराळवीराची. पहिले व्हीएमए १४ सप्टेंबर १९८४ ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झाले. त्या रात्रीचं लोकांना काय आठवतं, तर मॅडोना लग्नाचा पांढरा ड्रेस घालून भल्या मोठ्या केकवरून उतरली ते. पण त्या रात्री खरी गंमत निकालात होती. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' रिंगणात असताना व्हिडिओ ऑफ द इयर मिळाला द कार्स या बँडच्या 'यू माइट थिंक' ला, ज्यात त्या काळातले अगदी सुरुवातीचे कंप्युटर ग्राफिक्स होते. सगळ्यात जास्त म्हणजे ५ अवॉर्ड घेऊन गेला हर्बी हॅनकॉकचा 'रॉकिट', हलणाऱ्या यंत्रमानवांचा तो व्हिडिओ. आणि 'थ्रिलर' ला ३, त्यातलं एक प्रेक्षकांच्या पसंतीचं. म्हणजे प्रेक्षकांना काय आवडतं आणि धंद्यातल्या लोकांना काय आवडतं यातला फरक पहिल्याच वर्षी उघड्यावर आला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता काम सुरू. नॉमिनेशन साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला जाहीर होतात, म्हणजे हातात तीन-चार आठवडे मिळतात, आणि माझ्या मते खरा व्हीएमए या तीन-चार आठवड्यांत बघायचा असतो. कॅटेगऱ्या वीसच्या आसपास असतात, त्या सगळ्यांच्या मागे लागू नका, दमून जाल. फक्त दोन गट घ्या. एक म्हणजे व्हिडिओ ऑफ द इयर, दुसरा म्हणजे टेक्निकल कॅटेगऱ्या: दिग्दर्शन, कला दिग्दर्शन (म्हणजे सेट आणि सजावट), सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, कोरिओग्राफी, व्हिज्युअल इफेक्ट्स. या सगळ्यांत नावं रिपीट होतात, एकच व्हिडिओ चार-चार ठिकाणी असतो, त्यामुळे वाटतात त्याच्यापेक्षा बरेच कमी व्हिडिओ बघावे लागतात. युट्यूबवर एक प्लेलिस्ट बनवा आणि त्यात अधिकृत चॅनलवरचेच व्हिडिओ टाका, कारण फॅन लोकांनी टाकलेल्या कॉप्यांमध्ये कडा कापलेल्या असतात, रंग बदललेले असतात आणि कधी स्पीडपण बदललेला असतो, मग तुम्ही सिनेमॅटोग्राफी काय बघणार. आणि हो, शक्य असेल तर फोनवर नको, टीव्हीवर किंवा निदान लॅपटॉपवर बघा.

प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघायचा. पहिल्यांदा नेहमीसारखा, आवाज लावून, काहीही विचार न करता, आवडतोय की नाही एवढंच. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. हे केलंच पाहिजे, कारण गाणं आवडीचं असलं की व्हिडिओपण चांगला वाटायला लागतो आणि गाणं नावडतं असलं की उत्तम व्हिडिओकडेसुद्धा आपलं लक्ष जात नाही. आवाज बंद केला की फक्त चित्र उरतं आणि बरेच व्हिडिओ तिथेच गळपटतात, नुसता गायक ओठ हलवत चालतोय, मागे गाड्या उभ्या आहेत, संपलं. जे म्यूटवरसुद्धा तुम्हाला धरून ठेवतात ते बाजूला काढा. बहुतेक वेळा टेक्निकल कॅटेगऱ्यांमध्ये तेच पुढे दिसतील.

पण नेमकं बघायचं काय, हा प्रश्न येतोच. त्यासाठी नव्या नॉमिनेशनांवर उडी मारायच्या आधी जुन्या विजेत्यांवर हात बसवा, ते सगळे सहज सापडतात आणि त्यांच्यावर निकाल लागून गेलाय, त्यामुळे आपल्याला ताडून बघता येतं.

एडिटिंगपासून सुरू करा, ते सगळ्यात सोपं. आवाज बंद, आणि चित्र बदललं की टेबलावर बोटाने एक टिचकी. दोन मिनिटांत कळतं की कट कुठे दाट येतायत आणि कुठे एडिटर थांबलाय. आपल्याकडे फार लोकांना वाटतं की भराभर कट म्हणजे भारी एडिटिंग. मग २००९ चा बियॉन्सेचा 'सिंगल लेडीज' बघा. काळा-पांढरा, मागे काही नाही, तीन बायका नाचतायत, कट इतके कमी जाणवतात की एका दमात शूट केल्यासारखं वाटतं, आणि त्याला एडिटिंगचं अवॉर्ड मिळालं. कोरिओग्राफीचंही मिळालं आणि व्हिडिओ ऑफ द इयरसुद्धा. आता गंमत बघा, २००९ चे व्हीएमए म्हटलं की जगाला एकच गोष्ट आठवते, टेलर स्विफ्ट बेस्ट फिमेल व्हिडिओचं अवॉर्ड घ्यायला आली आणि रॅपर कान्ये वेस्टने स्टेजवर चढून तिच्या हातातला माइक घेतला आणि बियॉन्सेचा व्हिडिओ आजवरच्या सगळ्यात भारी व्हिडिओंपैकी आहे म्हणाला. त्यावर आजपर्यंत किती बोललं गेलंय. पण ज्या व्हिडिओवरून तो प्रकार झाला तो खरंच शांतपणे बसून बघावा असा आहे, आणि त्याच रात्री शेवटी बियॉन्सेने आपलं मोठं अवॉर्ड घेताना टेलरला परत स्टेजवर बोलावून तिचं अर्धवट राहिलेलं बोलणं पूर्ण करू दिलं, हे तर अनेकांना माहीतही नसतं.

कोरिओग्राफी बघताना एकच प्रश्न विचारा, कॅमेरा मला नाच बघू देतोय का? पाय दिसतायत का, पूर्ण शरीर दिसतंय का, की दर सेकंदाला चेहरा, कंबर, हात असे तुकडे दाखवून वेळ मारून नेलीय? आणि पन्नास डान्सर लागतात असंही काही नाही. फॅटबॉय स्लिमचा 'वेपन ऑफ चॉइस' बघा, दिग्दर्शक स्पाइक जोन्झ. रिकाम्या हॉटेलच्या लॉबीत सूट घातलेला ख्रिस्तोफर वॉकन हा एकटा, वयाने पन्नाशी ओलांडलेला नट नाचतो, दुसरं कुणी नाही. २००१ मध्ये त्याला ६ अवॉर्ड मिळाले, कोरिओग्राफीचं त्यातच. वॉकनने तरुणपणी डान्स शिकलेला होता आणि ते त्याच्या प्रत्येक पावलात दिसतं, थकलेला माणूस खुर्चीतून उठतो आणि अंगातून संगीत बाहेर येतं असं वाटतं. मला विचाराल तर या अवॉर्डांच्या इतिहासातला माझा सगळ्यात लाडका व्हिडिओ हाच.

कला दिग्दर्शनासाठी कुठेही पॉज करा. खरंच कुठेही. थांबलेली फ्रेम भिंतीवर लावावीशी वाटली तर कला दिग्दर्शकाने काम केलंय. इथे बघायचा व्हिडिओ म्हणजे आर.ई.एम. चा 'लूझिंग माय रिलिजन', १९९१ चा व्हिडिओ ऑफ द इयर, एकूण ६ अवॉर्ड, त्यात दिग्दर्शन, कला दिग्दर्शन आणि एडिटिंग तिन्ही. आणि हा दिग्दर्शित केलाय तरसेम सिंगने, जालंधरमध्ये जन्मलेला आपला माणूस. पंख असलेला म्हातारा, बाण लागलेला तरुण, अंधारातून अर्धवट उजळलेले चेहरे, आणि मधेच निळ्या रंगातले देव, जे बघितल्यावर आपल्या घराघरात लागायची ती देवांची कॅलेंडरं आठवल्याशिवाय राहत नाहीत. एका अमेरिकन बँडच्या गाण्यात ही चित्रं जगभर गेली आणि त्या वर्षीचं सगळ्यात मोठं अवॉर्ड घेऊन आली, आणि आपल्याकडे किती जणांना हे माहितीये? शाळेत शिकवावं असं मला वाटतं.

सिनेमॅटोग्राफी म्हणजे उजेड कुठून येतोय आणि कॅमेरा कुठे उभा आहे. केंड्रिक लमारचा 'हंबल' घ्या, २०१७ चा व्हिडिओ ऑफ द इयर, सिनेमॅटोग्राफी, दिग्दर्शन, कला दिग्दर्शन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सही त्यालाच. सुरुवातीला तो एकटा खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या झोतात उभा आहे, पुढे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या चित्रासारखी मांडणी आहे. प्रत्येक शॉटला कॅमेरा वेगळ्या उंचीवर, वेगळ्या चालीने. एकदा फक्त कॅमेरा कसा हलतोय एवढंच बघत पूर्ण व्हिडिओ काढा, केंड्रिककडे बघूच नका, अवघड आहे पण जमतं.

इफेक्ट्ससाठी मात्र मागे जा, ऐंशीच्या दशकात, कारण तेव्हा हाताने करायचे आणि त्यामुळे आपल्याला कळतं तरी की काय केलंय. १९८६ मध्ये आहा या नॉर्वेच्या बँडच्या 'टेक ऑन मी' ला ६ अवॉर्ड मिळाले, पेन्सिलने काढलेला नायक कॉमिकच्या पानातून हात बाहेर काढतो तो व्हिडिओ. आधी खरं शूटिंग केलं आणि मग त्यावर हजारो फ्रेमा हाताने गिरवून काढल्या, महिनोन्महिने. (तरी त्या वर्षी व्हिडिओ ऑफ द इयर गेला डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग' ला, ते मला अजून पटलेलं नाही.) पुढच्याच वर्षी, १९८७ ला, पीटर गेब्रियलच्या 'स्लेजहॅमर' ने एका रात्रीत ९ अवॉर्ड नेले आणि एकाच व्हिडिओचा तो विक्रम आजही उभा आहे. त्यात गेब्रियलच्या चेहऱ्याभोवती फळं, मासे, ट्रेन फिरते, सगळं एक-एक फ्रेम थांबवून काढलेलं, गेब्रियलला तासन्तास काचेखाली न हलता पडून राहायला लागलं होतं. ज्या आर्डमन स्टुडिओने यात काम केलं तोच पुढे मातीच्या बाहुल्यांच्या ॲनिमेशनसाठी जगप्रसिद्ध झाला. आणि १९९७ चा जॅमिरोक्वायचा 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' तर नक्की बघा, गायक नाचतोय आणि वाटतं जमीन सरकतेय. जमीन सरकत नाही, भिंती सरकतायत आणि कॅमेरा भिंतीबरोबर! हे कळल्यावर परत पहिल्यापासून बघा, डोकं चक्रावतं.

राहिलं दिग्दर्शन. या सगळ्याच्या मागे एकच कल्पना आहे का आणि ती शेवटपर्यंत टिकते का, एवढंच बघायचं. चाइल्डिश गँबिनोचा 'धिस इज अमेरिका' बघा, दिग्दर्शक हिरो मुराई. पुढे तो आणि शाळेची पोरं नाचतायत आणि मागे पळापळ, मारामारी, जाळपोळ चाललीय, आणि पहिल्यांदा बघताना आपण फक्त नाच बघतो. मागचं दुसऱ्यांदा दिसतं. दिग्दर्शकाला नेमकं हेच सांगायचंय. २०१८ ला याला दिग्दर्शन, कोरिओग्राफी आणि संदेश देणाऱ्या व्हिडिओचं अशी ३ अवॉर्ड मिळाली. व्हिडिओ ऑफ द इयर मात्र कमिला कबेयोच्या 'हवाना' ला गेलं.

आता आलं ना लक्षात, १९८४ चा तो फरक? निकाल वाचायची किल्ली हीच. २००६ पासून मुख्य कॅटेगऱ्यांचं मतदान प्रेक्षक ऑनलाइन करतात, तर टेक्निकल कॅटेगऱ्या या क्षेत्रातले लोक ठरवतात. म्हणून व्हिडिओ ऑफ द इयरमध्ये ज्याची फॅन मंडळी जास्त कामाला लागली त्याचं पारडं जड, आणि टेक्निकलमध्ये बहुतेक वेळा काम बोलतं. मी फॅन लोकांना नावं ठेवत नाहीये, उलट त्यांच्या प्रेमाशिवाय हा शो चालणारच नाही, पण दोन निकाल दोन वेगळ्या लोकांनी दिलेत हे माहीत असलं की 'अमक्याला कसं काय मिळालं' म्हणून रात्रभर भांडायची वेळ येत नाही. टेलर स्विफ्टला २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं व्हिडिओ ऑफ द इयर मिळालं आणि २०२४ च्या शोनंतर ती ३० ट्रॉफ्यांवर बियॉन्सेच्या बरोबरीला आली, यात तिच्या फॅन लोकांचा हात मोठा आहे, आणि तिने त्यातले बरेचसे व्हिडिओ स्वतः दिग्दर्शित केलेत हेही तितकंच खरं.

के-पॉपवाल्यांना, म्हणजे कोरियन पॉप ऐकणाऱ्यांना, तर हे सगळं पाठच असेल. २०१९ ला बेस्ट के-पॉप अशी वेगळी कॅटेगरी आली तेव्हा बीटीएस या कोरियन बँडचे फॅन चिडले होते, की मुख्य कॅटेगऱ्यांमधून बाजूला काढायला ही वेगळी पंगत मांडलीय का, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पुढच्याच वर्षी बीटीएसने के-पॉपबरोबर बेस्ट पॉप, बेस्ट ग्रुप आणि कोरिओग्राफी अशी एकूण ४ अवॉर्ड नेली.

तुम्हाला मत द्यायचं असेल तर एमटीव्हीच्या वेबसाइटवर देतात, नॉमिनेशन जाहीर झाल्यावर लगेच सुरू होतं. रोज किती मतं द्यायची, शेवटची तारीख कुठली, कुठल्या देशातून चालतं हे दरवर्षीच्या नियमांत लिहिलेलं असतं, ते आधी वाचून घ्या. काही कॅटेगऱ्यांचं मतदान नंतर इन्स्टाग्रामवर वेगळं असतं, आणि नवीन कलाकाराच्या कॅटेगरीचं तर शो चालू असतानासुद्धा चालू राहिलेलं आहे, त्यामुळे एकदा मत देऊन विसरू नका.

वेळेचं बघू. शो साधारण न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ८ ला सुरू होतो, सप्टेंबरमध्ये त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३०. ही तारखेची गफलत सगळ्यांची होते, तिकडचा रविवार म्हणजे आपला सोमवार. आणि तारीख हलतेही, २०२४ ला १० सप्टेंबर ठरलेला शो राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्ही डिबेटमुळे ११ ला गेला, म्हणून आदल्या आठवड्यात परत एकदा खात्री करा. आपल्याकडे हे दिवस बऱ्याचदा गणपतीचे असतात. २०२५ ला अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि शो आपल्या ८ तारखेच्या पहाटे, म्हणजे विसर्जनाचं जागरण करून अंग ठणकत असताना परत साडेपाचचा गजर. अशा वेळी सरळ झोपा, काही बिघडत नाही, फक्त उठल्यावर इन्स्टाग्राम उघडू नका, नाहीतर सगळे निकाल ब्रश करतानाच कळतात.

आपल्याकडे बरीच वर्षं व्हीएच१ या चॅनलवर हा शो सकाळी लाइव्ह आणि मग रात्री रिपीट असा यायचा. अमेरिकेत तो एमटीव्हीवर असतोच, २०२५ ला पहिल्यांदा सीबीएस या चॅनलवरही दाखवला आणि पॅरामाउंट प्लसवर स्ट्रीम झाला. भारतात त्या वर्षी कुठे दाखवणार आहेत ते ऑगस्टमध्येच शोधून ठेवा. आणि काहीच जमलं नाही तर एमटीव्हीच्या अधिकृत युट्यूब चॅनलवर परफॉर्मन्स आणि भाषणं तुकड्यातुकड्यांत येतात, दुपारपर्यंत बरंच बघून होतं. चोरट्या लिंकांच्या मागे लागू नका, अर्धा वेळ जाहिराती बंद करण्यातच जातो.

शो तीन तासांच्या वर चालतो आणि त्याच्या आधी रेड कार्पेट वेगळं. रेड कार्पेट मी सोडून देतो, तुम्हाला कपड्यांची आवड असेल तर जरूर बघा. घरात लहान मुलं असतील तर एवढं लक्षात ठेवा की शिव्यांवर बीप असतो पण काही परफॉर्मन्स मोठ्यांसाठीचेच असतात.

शो बघताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे व्हॅनगार्ड अवॉर्ड, जे एका व्हिडिओला नाही तर पूर्ण कारकिर्दीला देतात आणि १९९१ पासून त्याला मायकल जॅक्सनचं नाव आहे. ज्याला मिळतं तो आपल्या गाण्यांची मेडली, म्हणजे अनेक गाण्यांचे तुकडे जोडून, सादर करतो, तो तुकडा बहुतेक वेळा पूर्ण रात्रीतला सगळ्यात भरीव भाग असतो, २०२३ ला शकिरा, २०२४ ला केटी पेरी. २०२५ ला मराया केरीला मिळालं, आणि इतक्या वर्षांच्या कारकिर्दीनंतर तिच्या हातात व्हीएमएची ट्रॉफी पहिल्यांदा त्याच रात्री आली, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं होतं. ज्याला मिळणार त्याचं नाव आधी जाहीर होतं, तर आदल्या रात्री त्याचे जुने पाच-सहा व्हिडिओ बघून ठेवा, मग मेडलीत कुठल्या व्हिडिओतला सेट, कुठली स्टेप परत आणलीय ते ओळखता येतं आणि मजा दुप्पट होते.

दुसरी गोष्ट, आणि ही मनाला लागणारी आहे: टेक्निकल अवॉर्ड बहुतेक मुख्य प्रक्षेपणात दाखवतच नाहीत. ज्या माणसांनी व्हिडिओ बनवले त्यांची नावं वेबसाइटवर किंवा सोशल मीडियावर जाहीर होऊन जातात. म्हणून शोच्या दिवशी विजेत्यांची पूर्ण यादी वेगळी उघडून ठेवा आणि तुमच्या प्लेलिस्टशी ताडून बघा. तुम्ही म्यूटवर बाजूला काढलेले व्हिडिओ तिथे निघाले की जो आनंद होतो तो कुठल्याही लाइव्ह परफॉर्मन्सपेक्षा कमी नसतो.

न्यूजर्सी-न्यूयॉर्कमधल्या मराठी मंडळींसाठी एक वेगळा मुद्दा. तुमच्यासाठी हा शो कित्येकदा अक्षरशः शेजारी असतो. २०१९, २०२२ आणि २०२३ ला तो न्यूअर्कच्या प्रुडेन्शियल सेंटरमध्ये झाला, एडिसन किंवा मेट्रोपार्कवरून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची ट्रेन पकडून न्यूअर्क पेन स्टेशनला उतरलं की चालत काही मिनिटं. २०२४ आणि २०२५ ला एलमाँटच्या यूबीएस अरेनामध्ये, तिथे लाँग आयलंड रेलरोडचं एलमाँट-यूबीएस अरेना असं स्टेशनच आहे. ठिकाण बदलत राहतं, त्यामुळे घोषणा झाली की आधी स्टेशन बघा, पार्किंगच्या भानगडीत पडू नका. प्रत्यक्ष हॉलमध्ये बसलात तर ब्रेकमध्ये डोळे उघडे ठेवा, टीव्हीवर जाहिराती चालू असताना काही मिनिटांत एक पूर्ण सेट उचलून दुसरा उभा करतात, ते घरी बसणाऱ्याला कधीच दिसत नाही.

जाता जाता महाराष्ट्राचा एक धागा सांगतोच, जुने विजेते बघताना हाही बघा. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, पहिला बँडही त्याने तिथेच शाळेत केला. त्याच्या क्वीन बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चा व्हिडिओ १९७५ चा, म्हणजे एमटीव्ही जन्मायच्या सहा वर्षं आधीचा. ते गाणं पुढे एका विनोदी सिनेमात घेतलं, सिनेमातले तुकडे जोडून व्हिडिओ नव्याने आला आणि १९९२ ला त्याला सिनेमातल्या गाण्याच्या व्हिडिओचं व्हीएमए मिळालं. तेव्हा फ्रेडी जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यात अंधारात वरून उजेड पडलेले चार चेहरे दिसतात तिथे पॉज करा आणि मग 'लूझिंग माय रिलिजन' मधले चेहरे बघा.

शो संपला की प्लेलिस्ट डिलीट करू नका. जिंकलेल्या व्हिडिओंच्या खाली डिस्क्रिप्शनमध्ये नावं असतात, दिग्दर्शक, कॅमेरा, एडिट, ती उघडा आणि त्या माणसाने अजून काय केलंय ते शोधा, गायकाच्या नावाने नाही तर दिग्दर्शकाच्या नावाने. डेव्हिड फिंचर, जो आज मोठा सिनेमा दिग्दर्शक आहे, त्याला मॅडोनाच्या व्हिडिओंसाठी १९८९ आणि १९९० असं सलग दोनदा दिग्दर्शनाचं व्हीएमए मिळालं होतं, आणि असे धागे एकदा सापडायला लागले की एका व्हिडिओवरून दहा व्हिडिओ आणि तिथून सिनेमे असं जाता येतं. मग हीच पद्धत मराठी गाण्यांच्या व्हिडिओंना लावा, आपल्याकडे गावोगावची पोरं स्वतःच्या पैशांनी, मित्रांचे कॅमेरे घेऊन अल्बमची गाणी आणि रॅप शूट करतायत, त्यातला एखादा म्यूटवर बघा, आणि आवडला तर खाली कमेंटमध्ये गायकाबरोबर एडिटरचं आणि कॅमेरामनचं नाव घेऊन, कुठला शॉट आवडला ते लिहा.